घरटी आकडा

मृणाल लेकाच्या प्रवेशासाठी शाळेत गेली, तर क्लार्क बोरकरबाई हसून म्हणाल्या, "अभिनंदन! धाकट्याचीही जागा राखून ठेवलीय."

"धाकटा कुठला? मला हा एकच आहे."

बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिच्या घरापुढे मुलांच्या रकान्यात दोनचा आकडा होता.

मृणालचा हात पोटावर गेला. घरातला संडास रोजची लघवीची तपासणी आरोग्य खात्याला पाठवायचा, हे खरं. पण सगळ्या खात्यांचा सामाईक क्लाउड तिनेच बांधला होता. एका खात्यातून दुसऱ्यात कुणाचं नाव जाणार नाही, नियोजनापुरता घरटी आकडा जाईल, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं.

नुसता आकडाच आला होता.

तेवढ्यात आज सकाळची तपासणी पोहोचली आणि तिच्या डोळ्यांदेखत दोनाचा एक झाला.

"अगंबाई," बोरकरबाई म्हणाल्या, "जागा रद्द कशी झाली हो?"