डावी बाजू

"दीड वर्षात टायर संपतात कसे हो?" मी टायरवाल्याला घुश्शातच विचारलं. "हवा तपासणं, अलाइनमेंट, पुढचे टायर मागे घालणं, बाबा सगळं वेळच्या वेळी तुमच्याकडूनच करून घेतात."

बाबा, म्हणजे माझे सासरे, सकाळीच नवे टायर बसवून गाडी घेऊन गेले होते. मी बिल द्यायला आले, तेव्हा काढलेले चारही टायर भिंतीला टेकवून ठेवले होते.

"उजवीकडचे हे दोन बघा. कसे एकसारखे झिजलेत, अजून वर्ष काढलं असतं. आणि हे डावीकडचे." त्या दोन्हींच्या कडेचं रबर सोलवटून आतले धागे दिसत होते. "फुटपाथला घासून घासून झालंय हे. एकदा-दोनदा नाही, रोज." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताई, बाबांना डावीकडचं दिसतं ना?"

मी हसणारच होते. पण डोळ्यांपुढे बाबांचं ताट आलं. हल्ली ते डावीकडचं सगळं तसंच ठेवून उठतात. "जेवणात कसलं डावं-उजवं करता?" असं कालच मी त्यांना टोकलं होतं.

घड्याळात साडेचार. लेकीची शाळा सुटली, बाबा तिला आणायला निघाले असणार. मी फोन लावला. पण गाडी चालवताना बाबा फोन घेत नाहीत.

आजोबांना गाडीतून लगेच दिसावं म्हणून लेकीला मीच शिकवलंय, फुटपाथच्या अगदी कडेला येऊन उभं राहायचं.