सगळ्यात पुढे

लेकीला, रुचिराला, मुलगी झाली त्या वर्षीच्या डिसेंबरात, नाणेघाटाच्या माथ्यावर देवदत्त बायकोला म्हणाला, "माणिक, आज मी पुढे."

सॅकचे पट्टे आवळता आवळता माणिकने वर पाहिलं. लग्नाआधीपासून सह्याद्रीत चालताना ती पुढे आणि देवदत्त मागे. अंधेरीच्या त्यांच्या ग्रुपचा नियमच होता. सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्या चालीने. म्हणजे कोणी मागे राहत नाही. पहिल्याच ट्रेकला देवदत्तने तिला पुढे काढलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर रडली होती. पुढे लग्न झालं, पण नियम राहिला. सकाळची कोळ्यांची जाळी कायम तिच्याच तोंडावर. ग्रुपमधले बाकीचे आता गुडघे आणि नातवंडं सांभाळत घरी बसले होते. दोघंच उरली, तरी ती पुढेच.

"शेवटी मान्य केलंस ना, मी ढिली नाही ते?"

"कर ना ऐश," देवदत्त म्हणाला आणि चालू लागला.

नाणेघाट ते भीमाशंकर, कड्याच्या काठाकाठाने. खाली कोकण धुक्यात बुडालेलं. पायाखाली लाव्हा थिजून झालेला काळा दगड, त्यांच्या गॅलरीतून दिसणाऱ्या गिल्बर्ट हिलसारखाच. देवदत्त मध्येच थांबायचा. दगडावर हात टेकून दरीकडे बघत राहायचा. कधी फोटो काढायचा. एरवी कॅमेऱ्याला हात न लावणारा माणूस.

"अरे, चल ना यार! मुंगीसुद्धा पुढे गेली." मागून माणिक ओरडायची. त्याच्या तोंडावर जाळं चिकटलं की टाळ्या पिटायची. ढाकोबाच्या चढावर तर ती चक्क गात होती. इतका दम तिला कधी उरलाच नव्हता.

आहुप्याच्या पुढच्या जंगलात तिने विचारलंच. "म्हातारपणी नियम बदललास की रे?"

"छे." तो मागे वळला नाही. "नियम तोच आहे."

याची थट्टा करायची खोड काही जात नाही, म्हणून ती हसली.

अंधेरीला परतल्यावर नातीला मांडीवर घेऊन तिने रुचिराला सगळं रंगवून सांगितलं. "यंदा तुझ्या बाबाने हार मानली गं! मला मागून चालू दिलं." देवदत्त खुर्चीत बसून ऐकत होता. तोही हसला.

पुढच्या होळीच्या आदल्या दिवशी, हृदय बंद पडून, देवदत्त गेला.