पाण्याखालची घरं

जुनी ठाकरवाडी धरणात बुडाली त्याला पंचवीस वर्षं झाली. वर डोंगरावरच्या नव्या वाडीत बायकांनीच मिळून दवाखाना उभा केला, तेव्हा वाडीचीच नर्स तेजल वही घेऊन म्हाताऱ्या सुईणीसमोर, ठकुबाईसमोर बसली.

"आज्जे, कुठल्या घरात कसलं दुखणं होतं, सांग."

ठकुबाईने डोळे मिटले. पाण्याखालच्या वाटेने ती चालू लागली. एकेका घरात शिरायची, तिथली बाळंतपणं सांगायची, बाहेर यायची. एका उंबऱ्याशी मात्र थबकली.

"हितं न्हाई जायची मी. ह्या घरच्या तिघी लेकी बाळंतपणात माझ्या हातावर गेल्या. रगत थांबलंच न्हाई."

"कुणाचं घर?"

"आपल्या अनिताच्या आईचं म्हायेर."

अनिताला नववा लागला होता. वाडीने तिला तारखेच्या आठ दिवस आधीच चाकणच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. तिथल्या कंपनीत कामाला असलेली वाडीची पोरं शिफ्ट सोडून रक्त द्यायला गेली.

चौथ्या दिवशी तेजल धापा टाकत डोंगर चढून आली. "आज्जे, मुलगी झाली! रक्त लई गेलं, पण दोघी सुखरूप हायेत."

ठकुबाईने हळूच डोळे मिटले.

"आता गं कुठं निघालीस?"

"त्या घरात. तिघींना सांगून येते."