लिफ्टची कुरकुर

लिफ्ट मेकॅनिकच्या बायकोने विम्याच्या फॉर्मवर शुगर असल्याचं खरंखरं लिहिलं होतं. ऑपरेशनची वेळ आली तेव्हा क्लेम बघणाऱ्या साहेबांनी फोनवर थंडपणे सांगितलं, "जुनं दुखणं आहे. तीन वर्षं थांबावं लागेल." ती सात महिन्यांत गेली.

आज त्याच साहेबांच्या ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आतून येणारा आवाज मेकॅनिकने लगेच ओळखला.

"साहेब, हा बिघाड आजचा की आधीपासूनचा?"

"अहो, महिनाभर कुरकुर चाललीय हिची. आधी मला बाहेर काढा, जीव गुदमरतोय."

त्याने हातातला पाना परत पिशवीत टाकला.



"जुनं दुखणं आहे, साहेब. तीन वर्षं थांबावं लागेल."