नावं घालायची राहिलीत

इंदुताईंचा फोन आला तेव्हा विजयश्रीच्या दातांत चिकटपट्टीचं टोक होतं.

"पालिकेची मानसं आल्यात. वर धंदा कोन करतंय इचारत्यात," घरमालकीण दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्या घराला सील लागलं तर तुमी आजच खोली सोडायची. मला काय म्हायती न्हाई."

तक्रार कुणी केली याचा विचार करायला सवड नव्हती. काळेवाडीच्या त्या अरुंद गल्लीत पार्सल न्यायला येणाऱ्या गाड्या रोज जिन्यासमोर आडव्या लागत आणि त्यावरून शेजारी कुरबुर चालू होती. राहत्या घरातून धंदा करायला परवानगी लागते, एवढं विजयश्रीला ठाऊक होतं. ती कुठं मिळते हे विचारायला जावं तर आपणच सापडू, या धास्तीनं ती गेली नव्हती. नवऱ्याला फोन लावूनही उपयोग नव्हता. चाकणच्या त्याच्या कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करून घेत.

पार्सलवरचे पत्ते छापायचं छोटं यंत्र तिनं कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकलं. पॅक झालेली खोकी न्हाणीघरात कोंबली. नवरा-नवरीच्या नावांच्या पाट्या पिठाच्या डब्यात खुपसल्या. तरी सुट्टा माल उरलाच. सुपारीचे नवरा-नवरी, मोत्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीची तोरणं, बोटाएवढी चूल आणि तिच्यावर बोटाएवढा तवा. ती लग्नातलं रुखवत ऑनलाइन विकत असे.

जिन्यात पावलं वाजली आणि तिला एकदम सुचलं. रुखवत लपवायचं कशाला? रुखवत मांडायचं असतं.

तिनं दिवाणावर धुतलेली चादर टाकली, प्रत्येक नमुन्यातली एकेक वस्तू तिच्यावर मांडली, बाकीच्या दिवाणाखाली सारल्या आणि दार उघडलं.

निरीक्षक वयस्क होता. त्यानं दारातच बूट काढले. सोबतच्या माणसानं फोटो काढायला मोबाइल वर धरला होता. इथं माल विकला जातो अशी तक्रार आहे, असं निरीक्षकानं सांगितलं आणि त्याची नजर दिवाणावर गेली.

"मुलीचं लग्न आहे, साहेब," विजयश्री म्हणाली. आवाज कापला, पण मुलीच्या आईचा आवाज कापतोच.

निरीक्षकाचा चेहरा सैलावला. त्याच्याही मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. त्यानं सुपारीची नवरी उचलून तिची नथ निरखली. सोबतच्या माणसाला मोबाइल खाली घ्यायला सांगितलं. पाहुणे कुठले, असं विचारलं. ती भोसरीचे म्हणाली. मुलगा? कंपनीत. एक खोटं बोलून झाल्यावर पुढचं आपोआप तोंडात येत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली होती.

"नावं नाही घातली?"

"घालायची राहिलीत."

तो हसला. घोटभर पाणी प्याला. लोक उगाच तक्रारी करतात, म्हणाला, आणि बूट घालायला वाकला.

तेवढ्यात विजयश्रीची लेक तनुजा जिना चढून आली. शाळा लवकर सुटली होती. दोन वेण्या, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर दप्तर.

"मजा आहे तुझी," निरीक्षक तिला म्हणाला. "ताईचं लग्न."

"मला ताई नाही," तनुजा म्हणाली. "मी एकटीच आहे."

त्याचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "कितवीत आहेस?"

"नववीत."

त्यानं घातलेला बूट पुन्हा काढला आणि आत आला. आता त्याला घाई नव्हती. मुलीचं वय काय, लग्न ठरवलं कुणी, हे त्यानं विजयश्रीला एकेक करून विचारलं. ती दिवाणावरच्या चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली.

"घराचं राहू द्या, बाई," तो म्हणाला. "आता मला पोलीस चौकीवर फोन करावा लागेल."

तनुजानं दिवाणाकडं पाहिलं. चूल, तवा, तोरणं, नथ घातलेली नवरी. मग तिनं आईकडं पाहिलं.

"आई, कुणाचं लग्न?"

विजयश्री धावली ती न्हाणीघरात. एकेक खोकं ओढत तिनं बाहेर आणलं आणि निरीक्षकाच्या पायांशी ठेवलं. दिवाणाखालून तोच तवा, तीच नवरी, तेच तुळशीवृंदावन ओंजळी भरभरून काढलं. मशीनमधलं यंत्र काढलं. पिठाचा डबा तिनं जमिनीवरच पालथा केला.

"धंदा आहे, साहेब. धंदाच आहे. रोज करते, इथंच करते," ती म्हणत होती. "बघा, ही नावं बघा. ही सगळी गिऱ्हाइकं आहेत. काढा फोटो. काढा ना."

त्याचा विश्वास बसला की नाही हे तिला कळेना, म्हणून तिनं चिकटपट्टीचं रीळ उचललं, एक खोकं पुढं ओढलं आणि त्याच्यादेखत पॅक करून दाखवलं. पट्टीचा टरटर आवाज जिन्यातून खालपर्यंत गेला.

निरीक्षकानं मान हलवली. मोबाइल पुन्हा वर झाला. नोटीस येईल, म्हणाला, आणि घरमालकाचं नाव विचारलं. विजयश्रीनं ते सांगितलं.

"काय झालं गं वर?" खालून इंदुताईंनी हाक मारली.

तनुजा सांडलेल्या पिठाशेजारी बसली होती. दप्तर अजून पाठीवरच होतं. एकेक पाटी उचलून ती बाहीनं पुसत होती, वरचं नाव वाचत होती, बाजूला ठेवत होती आणि पुढची उचलत होती.