पहिल्याच प्रसंगात

अडुसष्ट साली ह्यांच्या विनोदी कादंबरीवर सिनेमा निघणार होता. तिच्यातला गुप्तहेर पुराव्यावरच घसरून पडायचा आणि खुनी शोधायची त्याची बायको, भाजी चिरता चिरता टोमणे मारत. ते टोमणे माझेच होते. पटकथाही मीच टाइप केली. निर्माता घरी वाचन ऐकायला बसला. एकदाही हसला नाही. “बायकोला पहिल्याच प्रसंगात मारा,” तो म्हणाला, “म्हणजे हिरोला सूड घेता येईल.” “अहो, मग खुनी कोण शोधणार? तुमचा हा धांदरट?” मी ह्यांना विचारलं. तेव्हा कुठे निर्माता हसला. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, “कागद लाव.” मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि तिला मारलं. सिनेमा चालला, निर्मात्याने बंगला बांधला, ह्यांनी आणखी अकरा सूडपट लिहिले. मी पुन्हा टोमणा मारला नाही. हे जाईपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही.