गालातले दोन चट्टे

"अजून मोठा आ करा," दातांची डॉक्टरीण म्हणाली. खुर्चीवाल्याने असा काही आ वासला की शेजारच्या स्टुलावर बसलेल्या बायकोला हसू आवरेना.

"घरी मात्र दहादा विचारलं तरी तोंड उघडत नाहीत हो," ती म्हणाली.

खुर्चीवाला म्हणजे सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणारा. चिमूटभर बारीक खिळे गालात धरायचे, एकेक जिभेने पुढे ढकलायचा आणि ठोकायचा, ही त्याची जुनी खोड. गालात पांढरा, खरखरीत चट्टा उठला तेव्हा त्याने खिळ्यांच्या नावाने बोटं मोडली आणि गप्प बसला. बायको हात धुऊन मागे लागली म्हणून इथे आला, एवढंच.

"आलाच आहात तर तुमचंही बघू," म्हणून डॉक्टरणीने बायकोच्या तोंडात बॅटरी मारली. तिच्याही गालात तसाच चट्टा! ती त्याच्याच दुकानात शिवणाला बसायची, आणि टाचण्या ओठांत धरायची.

"नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात," डॉक्टरीण म्हणाली. "दोन्ही काढू आणि तपासायला पाठवू."

मदतनीस मुलीने दोन बाटल्यांच्या झाकणांवर दोघांच्या नावांच्या पट्ट्या चिकटवल्या, झाकणं उघडून ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवली.

"बघा, इथेही जोडीनेच," बायको बधिर तोंडाने बोबडं बोलली. डॉक्टरीणसुद्धा हसली. कामं उरकली, झाकणं लागली, बाटल्या गेल्या.

निकाल आले तेव्हा मात्र डॉक्टरीण हसली नाही.

"तुमचा कॅन्सर नाही," ती त्याला म्हणाली, "पण त्याच वाटेवरचा आहे. पेशी बिघडायला लागल्यात. आजूबाजूचा भाग मोठा कापून काढावा लागेल, उशीर नको." मग बायकोकडे वळली. "तुमची साधी चामखीळ होती. एचपीव्ही नावाच्या विषाणूची. मुळापासून निघालीय. काळजी नको."

"हा विषाणू येतो कुठून?" खुर्चीवाल्याने विचारलं.

"माणसाकडून माणसाला. शरीरसंबंधातून, तोंडातून. वर्षानुवर्षं गुपचूप अंगात राहतो. कुणाकडून आला ते कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा त्यावरून भांडू नका."

त्याने 'शरीरसंबंधातून' तेवढं ऐकलं.

"कोण आहे तो?" दुकानात पाऊल टाकताच त्याने विचारलं.

"मला विचारताय?" बायको म्हणाली.

"मग काय भिंतीला विचारू?"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या दिवाणावर गेली. मागच्या गल्लीतल्या एका बाईचा दिवाण. वर्षभरात तिसऱ्यांदा भरायला आला होता, आणि दर वेळी खुर्चीवाला इस्त्रीचा शर्ट चढवून स्वतः पोचवायला जायचा. बायकोने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ती भोळी आहे, असं तो धरून चालला होता. आता तिचं गप्प राहणं त्याला गुन्ह्याची कबुली वाटली.

त्या दिवाणवालीचा विचार त्याच्याही मनात एकदा चमकून गेला, नाही असं नाही. पण त्याच्या तुकड्यात विषाणू सापडलाच नव्हता! सुटला बिचारा.

"माझं दुखणं कष्टाचं आहे," तो ओरडला. "खिळ्यांचं! तुझं कसलं, ते सांग ना चारचौघांत!"

चारचौघांत त्यानेच सांगितलं. मेहुण्याला फोन करून अगदी मीठमसाला लावून सांगितलं, आणि बायकोची पिशवी भरून तिला माहेरच्या गाडीत बसवून दिलं. ती रडली नाही, याचासुद्धा त्याला राग आला.

त्याचा गाल कापला. टाके पडले. पेजेवर दिवस काढत असताना बायकोचा फोन आला.

"खाता येतंय का काही?"

त्याने पेजेची वाटी बाजूला सारली.

"माझ्या गालात परत पांढरं उठलंय. तिखट झोंबतं. दादा म्हणतो, चामखीळच आहे, जाईल. डॉक्टरणीला एवढं विचाराल का?"

"जिथून आणलंस तिथेच दाखव," तो टाके सांभाळत म्हणाला आणि फोन ठेवून दिला. बरं वाटलं त्याला. पुन्हा तिचा फोन आला नाही.

टाके विरले, दुकान सुरू झालं, आणि एक दिवस डॉक्टरणीने बोलावून घेतलं.

"तुमचा मोठा तुकडा स्वच्छ आलाय," ती म्हणाली.

"म्हणजे मी बरा झालो!"

"बिघडलेल्या पेशींचा मागमूससुद्धा नाही त्यात. तेच मला खटकलं. म्हणून पहिले दोन्ही तुकडे पुन्हा तपासायला लावले, डीएनएसकट." तिने टेबलावरची एक रिकामी बाटली उघडली आणि झाकण बाजूला ठेवलं. "नावं आम्ही झाकणांवर चिकटवली होती. बाटल्यांवर नाही. चूक आमची आहे. तुमच्या बायकोच्या नावावरचा तुकडा, तो विषाणूचा, पुरुषाचा निघाला. आणि बिघडलेल्या पेशींचा बाईचा."

खुर्चीवाल्याचा आ वासलेलाच राहिला.

"त्यांना आजच्या आज घेऊन या," डॉक्टरीण म्हणाली. "त्यांच्या गालात परत पांढरं काही उठलंय का हो?"